एजंट बसवावा की नको?

महागावसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत संगणक मोजायची एक जुनी पद्धत आहे: डेडस्टॉक रजिस्टर, आणि सीपीयूच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेला क्रमांक. संगणक भंगारात गेला तरी रजिस्टरात तो ठणठणीत असतो.

आता विक्रेते दोन नवे पर्याय सुचवतात. पहिला, प्रत्येक यंत्रात एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवायचा. तो रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर अशी सगळी कुंडली सर्व्हरला कळवत राहतो. लॅपटॉप साहेबांसोबत यवतमाळला मीटिंगला गेला, तरी नेट मिळताच हजेरी लावतो. फक्त त्याला आधी बसवावं लागतं, आणि ते काम ज्याचं, त्याचं पद रिक्त असतं. शिवाय एजंटच बिघडला तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-एजंटच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. ज्याला पहाऱ्याला ठेवलं, त्यानेच दार लावून घेतलं!

दुसरा पर्याय विनाएजंट. सर्व्हर नेटवर्कवरून एसएनएमपी, डब्ल्यूएमआय अशा रीतींनी हाका मारतो. प्रिंटर आणि स्विच यांत सहसा एजंट बसत नाही, त्यांना हाच मार्ग. पण ओ द्यायला यंत्र चालू हवं, नेटवर्कवर हवं आणि सर्व्हरकडे पासवर्ड हवा. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असतोच. वीज तशी चिकटवता येत नाही.

तेव्हा संगणकांना एजंट द्या, प्रिंटर-स्विचला हाका मारा. ऑडिटला मात्र रजिस्टरच दाखवा.