सूचक, अनुमोदक आणि डीजे

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या मराठी घरांतली पोरं शिकतात वेगवेगळ्या कॉलेजांत, पण सामन्याला गाणं सगळीकडे एकच: ‘चक दे इंडिया’. २००७ सालच्या, महिला हॉकीवरच्या चित्रपटातलं. मैदानावर दोन्ही संघ भिलाईचेच, तेव्हा ते नेमकं कुणासाठी वाजतंय हे डीजेवाल्यालाही ठाऊक नसतं.

आता म्हणे सामन्याच्या गाण्यातही ‘आपली परंपरा’ हवी. मग समिती बसते. एक सर ‘अरपा पैरी के धार’ सुचवतात. ते २०१९ पासून छत्तीसगडचं राज्यगीत. त्यावर सावधान उभं राहायचं की शिट्ट्या मारायच्या, यातच चहा दोनदा होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘झिंगाट’ म्हणतं आणि प्राचार्य चष्मा पुसायला घेतात. निर्णय: उपसमिती.

याउलट, लिव्हरपूलच्या फुटबॉलवेड्यांचं गाणं मुळात १९४५ च्या अमेरिकी संगीतनाटकातलं. १९६३ मध्ये गावातल्याच बँडनं ते गाजवलं, स्टँडमधल्या लोकांनी उचललं. ना सूचक, ना अनुमोदक. आमच्याकडे दोघेही आहेत, गाणारे तेवढे नाहीत.

तेव्हा उपसमितीच्या चहाचे पैसे वाचवा आणि सरळ धुमाल बँडवाल्यांना बोलवा.