लीगवाल्या शेठजींना, बेंगळुरूच्या के. आर. पुरमहून

श्रीयुत प्रायोजक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या खो-खोवर आपली कृपादृष्टी वळल्याचं कळलं आणि इथले आम्ही फुकटे स्वयंसेवक धन्य झालो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभर-एक वर्षांपूर्वी या खेळाचे नियम बांधले, पण जाहिरातीसाठी कुठे थांबायचं हे काही त्या मंडळींना सुचलं नाही. 2022 मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो अवतरलं आणि ती उणीव भरून निघाली. नऊ मिनिटांचं आक्रमण सातवर आलं, मातीवर मॅट अंथरली गेली आणि ‘वझीर’ जन्मला. बाकीच्यांनी एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही. वझीर वाटेल तिकडे पळतो. एखादा नियम नडला की आपणही असेच पळत असाल, म्हणून तो आपला लाडका असावा.

आता आमचा ताळेबंद. फक्की मारतात ते आयटीआय या टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका. त्यांची रेघ सरळ येते, कारण ती वाकडी आलेली त्यांना रात्रभर खुपते. पंच टिन फॅक्टरी चौकातल्या वाहतूककोंडीतून सुटले की सामना सुरू. केळी कुणाच्या तरी आईच्या खर्चाने. मुलं कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी. ‘खो’ मात्र सगळ्यांचा एकच, आणि तो ओरडण्याचे हक्क अजून कुणी विकत घेतलेले नाहीत. (ही कल्पना आपल्याला मोफत दिली.)

आपला करार वाचला. मैदान आमचं, पंच आमचे, मुलं आमची, चित्रण आपलं. फारच उदार. एक शंका: जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत भारताने दोन्ही विश्वचषक जिंकले, त्यात कर्नाटकचे एम. के. गौतम आणि बी. चैत्रा होते. आपल्या लीगच्या सहा संघांत कर्नाटकचा एकही नव्हता. मग ही पोरं तयार कुठे झाली, हे सल्लागारांना जरा विचारून घ्या. त्यांच्या सादरीकरणात शाळेतले पी. टी. मास्तर आम्हाला कुठे दिसले नाहीत.

टी-शर्ट जरूर पाठवा. सोबत चुन्याची गोणी आणि दोन खुंट आले तर बरं. जुन्यातला एक हलतोय आणि पोरं त्यावरच झेप घेतात.

कळावे, लोभ असावा. (लाभ आहेच.)
आपला,
एक गुणलेखक

ता. क. : आपल्या ऑनलाइन अर्जात ‘स्वयंसेवकाचा दर’ असा रकाना आहे. शून्य घातलं तर अर्ज पुढे सरकत नाही. काय भरू?