स्वयंपाकघर ईलिंगला आहे

‘डाउन्टन अ‍ॅबी’ सुरू होते तीच टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीने. 1912 सालचा एप्रिल महिना. यॉर्कशायरमधल्या अवाढव्य वाड्यात अर्ल ऑफ ग्रँथम न्याहारीला खाली उतरतात, नोकराने इस्त्री करून ठेवलेलं वर्तमानपत्र उघडतात, जहाजाच्या पोटात कोंबलेल्या गोरगरिबांसाठी एक वाक्यभर हळहळतात, आणि मग कळतं की घराण्याचे दोन वारसही त्याच जहाजावर होते. सगळे मिळून 52 भाग आणि वर तीन चित्रपट, ही या एका बातमीची निस्तरानिस्तर आहे. पदरी तीन मुली, मुलगा नाही, म्हणजे पदवी, वाडा, जमीनजुमला सगळं जाणार मँचेस्टरच्या कुणा लांबच्या वकील भावाकडे. बायको अमेरिकेहून घसघशीत पैसा घेऊन आलेली, पण तो पैसा सासऱ्यांनी इस्टेटीत असा काही कालवून ठेवला की तिच्या पोटच्या पोरींनाही त्यातली दमडी मिळू नये.

‘म्हणजे हुंडाच की हा!’ माझ्या थोरल्या वन्सं कडाडल्या होत्या. ‘लॉर्ड म्हणे!’

त्या दिवसापासून वन्सं या लॉर्डाच्या बाजूच्या झाल्या. भक्ती अशीच सुरू होते, आधी चांगलं कडकडून भांडण व्हावं लागतं.

वन्सं इंग्लंडात रेडिंगला राहतात. 26 सप्टेंबर 2010 ला आयटीव्हीवर पहिला भाग लागला, तेव्हापासून त्यांची रविवारची रात्र सोवळ्यात गेली. त्यांच्याकडे रविवारी जेवायला जायचं तर पाहुण्यांनी साडेआठला हात धुऊन मोकळं व्हायचं, किंवा मग पुढचा तासभर तोंड मिटून बसायचं. मध्ये जाहिराती लागल्या की अण्णांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, चहा टाकायचा आणि जाहिराती संपायच्या आत हातात आणून द्यायचा. अण्णा निवृत्त इंजिनिअर. त्यांना मालिकेत गोडी फक्त जुन्या मोटारींची. एकदा चहा घेऊन आले, पडद्यावर नजर टाकली आणि ‘अजून ताटंच मांडतायत का?’ असं विचारते झाले. त्या आठवड्यात त्यांच्या चहातली साखर कमी झाली.

प्रश्न मात्र रास्त होता. या मालिकेत ताटं फार मांडतात. बटलर कार्सन पट्टी घेऊन काटे-चमच्यांमधलं अंतर मोजतो आणि जगभरचे प्रेक्षक श्वास रोखून बघतात. ज्यांच्या स्वतःच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, वीजबिल आणि मटार सोलायची परात एकत्र नांदते, तेच लोक पाहुण्याने माशाला चुकीचा काटा लावला की ‘अरे अरे’ करतात.

आणि चुका काढण्यात तर या भक्तांचा हात कुणी धरणार नाही. पहिल्याच मोसमात कुणाला एका घरावर टीव्हीचा अँटेना दिसला, कुणाला रस्त्याकडेला पार्किंगबंदीच्या दोन पिवळ्या रेघा दिसल्या. 2014 मध्ये जाहिरातीसाठी काढलेल्या एका फोटोत अर्लसाहेब आणि त्यांची मधली मुलगी लेडी एडिथ थाटात उभे, आणि मागे फायरप्लेसच्या कट्ट्यावर, फुलदाणीच्या शेजारी, पाण्याची प्लास्टिकची बाटली! वन्संनी तो फोटो मला पाठवला तो बाटलीला लाल वर्तुळ करून, जणू एक्स-रेत फ्रॅक्चर सापडलं. कलाकार मंडळी त्यावर भारी निघाली. सगळ्यांनी हातात पाण्याच्या बाटल्या धरून फोटो काढला आणि वॉटरएड या पाण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेची जाहिरात करून टाकली.

खरं तर असल्या चुका होऊ नयेत म्हणून अ‍ॅलिस्टर ब्रूस नावाचे सल्लागार सेटवर हजरच असत. खुर्चीच्या पाठीला टेकायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत, ही त्यांची शिस्त. जेवणाला बसताना प्रार्थना म्हणणं आलं, आणि मालिकेत धर्म फार नको असं वरून ठरलेलं. प्रार्थना गाळून जेवायला बसवलेलं ब्रूससाहेबांना चालेना. तेव्हा तोडगा असा निघाला की जेवणाची सुरुवातच दाखवायची नाही. इतकी वर्षं माणसं जेवतायत, पण जेवायला बसताना दिसत नाहीत. हे कळल्यावर वन्संनी सगळे मोसम पुन्हा लावले आणि पडताळा घेतला. अण्णांनी चहा टाकला.

तिसऱ्या मोसमात घरात दोन सुतकं आली. धाकटी लेडी सिबिल बाळंतपणात गेली. मग 2012 च्या नाताळच्या दिवशी, म्हणजे देश टर्की आणि पुडिंग खाऊन सुस्तावलेला असताना, तोच वकील वारस, आता जावई झालेला मॅथ्यू, मुलाचं तोंड पाहून मोटारीतून हसत घरी निघाला आणि वाटेतच गेला. त्या नटाला दुसरीकडे काम करायचं होतं, एवढंच कारण. पण बाळाच्या पाचवीच्या आत बापाला मारणारा लेखक वन्संच्या मते माणसांत जमा नव्हता. ज्युलियन फेलोज यांना ‘गॉस्फर्ड पार्क’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं होतं, हे मी समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं. ‘काढून घ्या म्हणावं,’ वन्सं म्हणाल्या.

मी इंग्लंडला गेले तेव्हा बकिंगहॅम पॅलेस वगैरे किरकोळ गोष्टी नंतर, आधी हायक्लेअर कॅसल, हे ओघाने आलंच. मालिकेतला वाडा तो हाच. हॅम्पशायरमध्ये, न्यूबरीच्या दक्षिणेला. ब्रिटिश पार्लमेंटची इमारत उभारणाऱ्या चार्ल्स बॅरी यांनीच याला आजचं रूप दिलं, त्यामुळे लांबून पाहिलं तर पार्लमेंटचं एक पिल्लू हिरवळीवर चरायला सोडल्यासारखं दिसतं. अर्ल ऑफ कार्नार्व्हन यांचं घराणं अजून तिथे नांदतं आहे. तुतनखामेनची कबर 1922 मध्ये सापडली ती याच घरातल्या पाचव्या अर्लच्या पैशावर. त्यांची बायको अल्मिना हीही डोंगराएवढा पैसा घेऊन आली होती, आणि पहिल्या महायुद्धात तिने वाड्याचं इस्पितळ केलं. मालिकेतही वाड्याचं इस्पितळ होतं. फेलोजना फार लांब शोधायला जावं लागलं नाही.

वाड्यात फोटो काढायला बंदी. त्यामुळे भक्तमंडळी डोळ्यांनीच ओरबाडून घेत होती. दोन बायका मोत्यांच्या माळा आणि 1920 च्या दशकातल्या टोपरासारख्या टोप्या घालून आल्या होत्या. त्या बोलायला लागल्यावर अमेरिकन निघाल्या. जेवणघरात घोड्यावर बसलेल्या पहिल्या चार्ल्स राजाचं व्हॅन डाइकचं भलंमोठं चित्र आहे. त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता सगळे टेबलाकडे बघत होते, कारण तिथे अर्लसाहेबांची आई, म्हातारी काउंटेस व्हायोलेट बसायची. वरच्या मजल्यावर स्टॅनहोप नावाची झोपायची खोली लागली आणि रांग थबकली. पाहुणा आलेल्या तुर्की पामूकसाहेबांना मालिकेत हीच खोली दिली होती. तिथून ते रात्री थोरल्या मुलीच्या, लेडी मेरीच्या खोलीत गेले आणि तिच्याच पलंगावर मरण पावले. परत आणायला तीन बायका लागल्या. मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी हात जोडलेले नव्हते, एवढंच.

‘आता स्वयंपाकघर,’ त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघराचा प्रश्न तिथल्या मार्गदर्शक बाईंना दिवसातून किती वेळा येत असेल कोण जाणे. त्यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता सांगितलं, ‘स्वयंपाकघर ईलिंगला आहे, मॅडम.’

खरंच आहे. स्वयंपाकीण मिसेस पॅटमोरची चूल, पोरसवदा डेझीची मोरी, नोकरांचं लांबलचक टेबल, कार्सनची खोली, हे सगळं लंडनच्या पश्चिमेला ईलिंग स्टुडिओत उभारलेलं. हायक्लेअरच्या खऱ्या तळघरात इजिप्तचं प्रदर्शन आहे. म्हणजे वाडा हॅम्पशायरला, गाव ऑक्सफर्डशायरमधलं बॅम्प्टन, स्वयंपाकघर ईलिंगला आणि पत्ता यॉर्कशायरचा. नोकराने ईलिंगच्या स्वयंपाकघरातून वाफाळतं भांडं उचलावं, जिना चढून दाराबाहेर व्हावं, आणि त्याच भांड्यासकट जेवणघरात शिरावं ते काही दिवसांनी, दुसऱ्या परगण्यात.

मला हे फार आवडलं. वरचे आणि खालचे एका छपराखाली राहतात, एकमेकांची सुखदुःखं जाणतात, अर्लसाहेब स्वयंपाकिणीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लंडनला करवून देतात, या गोडव्यावर सगळी मालिका उभी. आणि प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये एक मोटरवे. फेलोजनी नाही सांगितलं ते चित्रीकरणाच्या वेळापत्रकाने सांगितलं.

परतताना गाडीत नेहमीचा खेळ झाला, तुम्ही डाउन्टनमधल्या कोण? याच्या प्रश्नावल्याही मिळतात. आवडता रंग सांगा, राग आल्यावर काय करता ते सांगा, मग उत्तर येतं. वन्सं व्हायोलेट निघाल्या. वन्संच्या मैत्रिणी व्हायोलेट. रेडिंगच्या गणेशोत्सवातल्या पाचही काकू व्हायोलेट. मॅगी स्मिथ बाईंनी ती म्हातारी अशी काही वठवली की 2024 मध्ये त्या गेल्या तरी त्यांची जागा घ्यायला निम्मं जग तयार आहे. भांडी घासणारी मुलगी कुणीच निघत नाही. मागचा जन्म सांगणाऱ्या ज्योतिष्याकडेही कधी कुणी पाणक्या नसतो, सगळे राजे नाही तर गेलाबाजार सरदार.

हिशेब मात्र आडवा येतो. 1911 च्या सुमारास ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त बायका घरकामाला होत्या. बायकांसाठी त्याहून मोठा धंदाच नव्हता. म्हणजे आज व्हायोलेट म्हणून मिरवणाऱ्या इंग्रज आजीची आजी बहुधा पहाटे पाचला उठून कुणाच्या तरी शेगडीतली राख उपसत होती.

‘आणि आपण कुठे असतो हो वन्सं त्या वाड्यात?’ मी विचारलं.

‘पाहुणे!’ वन्सं म्हणाल्या. ‘त्यांच्या नात्यातल्या श्रिंपीची मुंबईला बदली झाली होती ना? त्याच्याबरोबर आलो असतो.’

आलो असतो, हे खरं. पण कशा आलो असतो, ते हॅकनीच्या किंग एडवर्ड्स रोडवर लिहिलेलं आहे. तिथल्या 26 नंबरच्या घरावर 2022 मध्ये निळी पाटी लागली, ‘आयांचं वसतिगृह’ होतं ते. हिंदुस्थानातून गोरी कुटुंबं विलायतेला निघाली की बोटीवर पोरं सांभाळायला इथल्या आया बरोबर घेत, आणि पोरं सुखरूप पोचली की त्यांतल्या कित्येकींना तिथेच सोडून देत. परतीचं भाडं द्यायचं कबूल केलेलं असलं तरी. मग त्या बायका या घरात राहून वाट बघत, परत जाणारं कुणी कुटुंब भेटेल, त्यांचं पोर सांभाळत आपल्याला घरी जाता येईल. त्यांच्यावर सहा मोसमांची मालिका अजून कुणी काढलेली नाही. काढली तर रविवारी रात्री मी साडेआठलाच हात धुऊन बसेन.

वन्सं थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘पाटी बघायला जाऊ एकदा.’ आणि लगेच, ‘पण आयांमध्येसुद्धा कुणी तरी मुख्य असेलच ना?’

त्या दिवशी वाड्यातून त्यांनी एकच गोष्ट मनात भरून घेतली होती, नोकरांना बोलावायच्या घंटा. जुन्या वाड्यांत वरच्या खोलीतली दोरी ओढली की भिंतींमधून फिरवलेल्या तारेने तळघरातली त्या खोलीची घंटा वाजते. घंटा टांगलेली असते पोलादी पट्टीच्या वेटोळ्याला. त्यामुळे आवाज थांबला तरी ती थरथरत राहते, म्हणजे राख उपसून धावत आलेल्या मुलीला कोणत्या खोलीने बोलावलं ते दिसावं. घरी आल्यावर वन्संनी देवघरातली पितळी घंटा घेतली, सोफ्यावर ताठ बसल्या, पाठ न टेकवता, आणि चहासाठी ती तीनदा वाजवली.

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा मोजे चढवलेल्या पायांनी धडाधड जिना उतरत आले, टाळ्या वाजवत, ‘सुखकर्ता’च्या चालीवर, आणि येता येता मला म्हणाले, ‘अगं, निरांजन कुठंय?’