ओवा मागणाऱ्या भिंती

ज्याचं पोट दुखतं तो ओवा मागतो. कंपन्यांचंही तेच. भिंतीवर कुठलं पोस्टर टांगलंय ते पाहावं आणि दुखणं ओळखावं. ‘पारदर्शकता’ झळकली की समजायचं, यंदाचं अप्रेझल बंद दाराआड उरकलेलं आहे. ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ दिसलं की शनिवारचा डबा सांगून ठेवावा.

हिंजवडीत मी ज्या कंपनीत होतो तिथल्या कॉन्फरन्स रूममध्ये ‘टीमवर्क’ होतं. पहाटेचं धुकं, लांबट निमुळती होडी, वल्ही मारणारे आठ जण. रिव्ह्यू लांबला की मी ते निरखत बसायचो. (तेव्हा मीटिंगमध्ये फोन काढायची पद्धत नव्हती.) एकदा लक्षात आलं, जिकडे जायचंय तिकडे या आठही जणांची पाठ आहे! पुढचं दिसतंय ते फक्त टोकाला बसलेल्या नवव्याला. त्याच्या हातात वल्हं नाही, तो नुसता ओरडतोय. शर्यतीत हा नववा मुद्दाम हलका निवडतात, होडीला उगाच भार नको म्हणून. आमच्याकडे तेवढंच काय ते चित्राशी जुळत नव्हतं.

पॅन्ट्रीच्या वाटेवर हिमनग. वर इवलंसं यश, पाण्याखाली न दिसणाऱ्या मेहनतीचा डोंगर. राल्फ क्लेव्हेंजर या अमेरिकी छायाचित्रकाराचं हे चित्र जगभरच्या ऑफिसांत पोचलंय. पण ते एका हिमनगाचं नाहीच. वेगवेगळे फोटो जोडून त्यांनी ते बनवलं, आणि तसं उघड सांगितलंही. पाण्याखालचा तो भव्य भाग म्हणजे दुसऱ्याच हिमनगाचा पाण्यावरचा फोटो, उलटा करून बसवलेला. थोडक्यात, मेहनत दुसऱ्याची, तीही खाली डोकं वर पाय. क्लायंटपुढची आमची प्रेझेंटेशनं याहून वेगळी नसत. फक्त उघड कोणी सांगत नसे.

या कलेत एन्रॉनचा हात मात्र कुणी धरू नये. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याला ते नाव नव्यानं सांगायला नको. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही कंपनीची चार जाहीर मूल्यं. २००० साली तिने आचारसंहितेची जाडजूड पुस्तिका काढली आणि डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातल्या लबाड्यांसकट दिवाळं. पुढे त्या पुस्तिकेला हौशी गिऱ्हाइकं मिळाली. माल कोरा करकरीत असणार, यात शंका नको.

याउलट ब्रिटिश सरकार. ‘शांत राहा, काम चालू ठेवा’ असं सांगणारी सुमारे पंचवीस लाख पोस्टरं त्यांनी १९३९ साली छापली, ऐन संकटासाठी राखून ठेवली, फारशी लावलीच नाहीत आणि बहुतेकांचा लगदा केला. लोकांनी ती न वाचताच युद्ध काढलं.

हे सगळं मी एचआरच्या मॅडमना ऐकवलं. त्या भारावल्या. तिथल्या तिथे त्यांनी मला पोस्टर समितीवर घेतलं. समितीत मी एकटाच.