नानांचा इंदूर टाइम

आमचे नाना लग्नाला पोचतात तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत उठत असते. "नाना, उशीर?" असं कोणी विचारलं की ते शांतपणे सांगतात, "मी वेळेवर आलोय. तुमची घड्याळं पुढे पळून राहिलीत, भिया."

ही थाप नाही, आणि हीच तर अडचण आहे. देशाची प्रमाणवेळ धरली आहे साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरच्या बाजूची. आपलं इंदूर श्याहत्तरच्याही अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या राजवाड्यावर साडेसव्वीस मिनिटं उशिरा येतो. नाना पुढे ऐकवतात की जुन्या ज्योतिष्यांनी शून्य रेखांश उज्जैनवरून धरला होता, आणि उज्जैन नि इंदूर यांच्या वेळेत जेमतेम वीसेक सेकंदांचा फरक. "शून्य रेषा आपल्या दारातून जाते आणि आपण मिर्झापूरकडे बघून जेवतो!" समोरच्याला जिलबी वाढायची राहिलेली असते, त्यामुळे वाद होत नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करील? घड्याळ करील. तेही गजराचं, आणि घरी. दोन-तीनशे रुपयांत बाजारात मिळतं, असं मी म्हटलं मात्र; नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोह्यांवर शेव नको म्हणालो होतो. त्याच संध्याकाळी आम्ही जेल रोडला. आर्डुइनोचा चिमुकला संगणक-बोर्ड, दोन ओळींचा डिस्प्ले, बझर, रंगीबेरंगी वायरींचा जुडगा. घड्याळाला घर म्हणून काकूंचा शेवेचा डबा परस्पर रिकामा करण्यात आला. शेव मी खाल्ली; प्रकल्पातलं माझं योगदान ते आणि टॉर्च धरणं.

पहिलं घड्याळ आर्डुइनोच्या स्वतःच्या ठोक्यावर चालायचं आणि दिवसाला दोन-तीन मिनिटं खायचं. वीज गेली की मध्यरात्र व्हायची. मग नानांना कळलं की वेळ राखायला वेगळं मॉड्यूल असतं, बटणाएवढ्या सेलवर जागं राहणारं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा अर्धा केला की बरोब्बर एक उरतो. नानांनी हे काकूंना कागदावर करून दाखवलं. काकू म्हणाल्या, "बरं." पण साधा स्फटिक इंदूरच्या मे महिन्यात मंदावतो, म्हणून नाना डीएस ३२३१ नावाच्या मॉड्यूलवर गेले. ते दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान बघून चाल सुधारतं. वर्षाकाठी फार तर मिनिटभर चूक. तेव्हापासून नाना फोनवरसुद्धा आधी तापमान सांगतात, मग कोण बोलतंय ते.

आता गजर कशासाठी? नळासाठी. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, पहाटे साडेपाचला, आणि मोटर लावली नाही तर दोन दिवस बादल्या. नानांनी गजर साडेपाचचा लावला. पण घड्याळ इंदूर टाइमवर! ते वाजलं सरकारी पाच छप्पनला, तेव्हा नळाला नुसता सुस्कारा होता. काकू सवयीनं उठल्या होत्या म्हणून टाकी भरली. बऱ्याच चर्चेनंतर 'नळापुरती सरकारी वेळ' मान्य झाली, मात्र डिस्प्लेवर ती खालच्या ओळीत.

दुसरी गोष्ट अशी, की मॉड्यूलला रोजचा गजर कळतो, अमुक वाराचा कळतो, अमुक तारखेचा कळतो; 'एक दिवसाआड' त्याला कळत नाही. सात वार विषम, त्यामुळे वाराचा उपयोग नाही. नानांनी मग विषम तारखा धरल्या. महिनाभर झकास चाललं. ३१ मे विषम, पाणी आलं. १ जूनही विषम! घड्याळ इमानदारीत वाजलं, नाना धोतराचा सोगा सावरत मोटरीपाशी गेले, नळ कोरडा. २ तारखेला पाणी आलं तेव्हा घड्याळ आणि नाना दोघंही गाढ झोपेत.

इथं सामान्य माणूस आजची उलट उद्या करत गेला असता. काकू तर वर्षानुवर्षं कालनिर्णयावर पाण्याच्या दिवशी फुली मारतात. नानांनी अहर्गण काढला. म्हणजे कलियुगाच्या आरंभापासून उलटलेले एकूण दिवस. ही गणना आपल्या ज्योतिष्यांची, उज्जैनच्या रेषेवरची, इसवी सनापूर्वी ३१०२ पासूनची. आजचा आकडा अठरा लाख सत्तर हजारांच्या वर जातो. त्याला दोननं भागायचं. बाकी उरली तर नर्मदा. कल्पना सुरेख होती, पण आर्डुइनोच्या साध्या पूर्णांकाच्या खणात ३२,७६७ च्या पुढचं काही मावत नाही. कलियुग उतू गेलं. मोठा खण घेतला आणि जमलं. एकतीसची अडचण नाही, लीप वर्षाची नाही. मला विचाराल तर राजेंद्रनगरात इतकं चोख काम दुसऱ्या कोणी केलेलं नसेल.

आता गजर वाजतो, बरोबर दिवशी, बरोबर सेकंदाला. नाना तो बंद करतात, चूक किती ते वहीत लिहितात आणि परत झोपतात. मोटर काकू लावतात. त्या आधीच उठलेल्या असतात.

सध्या नाना तिसरी ओळ जोडण्याच्या मागे आहेत, कारण सूर्यही वर्षभर एका चालीनं चालत नाही. फेब्रुवारीत तो चौदा मिनिटं मागे रेंगाळतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे असतो. मी हिशेब केला: खऱ्या सूर्यानं पाहिलं तर इंदूरची दुपार फेब्रुवारीत बारा चाळीसला होते, नोव्हेंबरात बारा दहालाच. तेव्हा नानांना कार्याला बोलवायचं असेल तर तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त धरा. दहा-पंधरा मिनिटांत येतात.