सहा मीटरची रिबन

दुपारचे चार वाजले की सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या ओळीत सगळ्या बायका धागे कापायला बसतात. रिंगरोडच्या मार्केटातून आलेले साड्यांचे गठ्ठे पुढ्यात, हातात बारीक कात्री आणि तोंड मोकळं. मधली भिंत कमरेएवढी. पलीकडे पाचोऱ्याच्या काकू, अलीकडे मी.

“वहिनी, तुमची धाकटी काल गच्चीवर काठीला लेस बांधून काय गरगर फिरवत होती? माझे पापड होते तिथं.”

“रिदमिक जिम्नॅस्टिक्स ते, काकू. मोबाइलवर संयुक्ता काळे बघितली, तेव्हापासून असं चाललंय.”

“काळे? कुठले, आपल्याकडचे?”

“ठाण्याची मुलगी.”

काकूंचा पहिला प्रश्न गावाचा असतो, दुसरा लग्नाचा. दुसरा यायच्या आत मी पुढं रेटलं. २०२२च्या जूनमध्ये पंचकुल्याला खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. या खेळात पाच सुवर्णपदकं असतात. हूप, बॉल, क्लब्ज, रिबन यांचं एकेक, आणि चारही मिळून एक. पाचही हिनंच नेली.

“पाचच्या पाच? मग बाकीच्या पोरी काय गाव बघायला गेल्या होत्या?”

“ऐका तर. पुढच्या वर्षी गोव्याला राष्ट्रीय स्पर्धा. तिथं मोठ्यांच्यात चार सुवर्ण, एक रौप्य. आणि सगळ्या खेळांत मिळून सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून दोघींना निवडलं, ओडिशाची प्रणती नायक आणि ही.”

“प्रणती ऐकलीय मी. ती ऑलिंपिकला गेलेली ना?”

“तीच. टोकियोला. ती व्हॉल्टवर उडणारी, तो वेगळा प्रकार. संयुक्ताच्या प्रकारात आजवर एकही भारतीय मुलगी ऑलिंपिकपर्यंत पोचलेली नाही. १९८४पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, बरं का.”

“हा नाचच की, वहिनी. गाणं लावायचं आणि हात हलवायचे.”

हे मला कुणी म्हटलं की राहवत नाही. कात्री खाली ठेवली.

“काकू, ती रिबन सहा मीटरची असते. म्हणजे ही तुमच्या मांडीवरची साडी आहे ना, तेवढी लांब, आणि जेमतेम चार-सहा सेंटीमीटर रुंद. एकसंध हवी, मधे जोड चालत नाही. दीड मिनिटाच्या आत सगळं उरकायचं, आणि तेवढा वेळ ती सतत फिरती ठेवायची. वर फेकायची, खाली गिरकी घ्यायची, आणि झेलायची ती न बघता. पंख्याचा नाहीतर एसीचा वारा लागला की गेली भलतीकडे. गाठ बसली तर सोडवा, नाहीतर कडेला ठेवलेली दुसरी उचला, गुण जातातच. जागेवर पडली तर अर्धा गुण गेला. दोन पावलं जाऊन आणली तर आणखी, तीन पावलं गेलं की पूर्ण एक.”

“माय गं! पावलंसुद्धा मोजतात?”

“मोजतात. म्हणून तर टोकियोला भांडण झालं.”

भांडण म्हटल्यावर काकू खुर्ची भिंतीजवळ ओढून बसल्या. खरं तर तेवढ्यासाठीच मी तो विषय राखून ठेवला होता.

“सिडनीपासून रिओपर्यंत पाच ऑलिंपिक झाली, वैयक्तिक सुवर्ण दर वेळी रशियाला. टोकियोला मात्र इस्रायलची लिनॉय अश्राम पुढं. शेवटची फेरी रिबनची, आणि तिच्या हातून रिबन पडली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण गुण आले १०७.८००. रशियाच्या दिना आवेरिनाचे १०७.६५०.”

“पाडून जिंकली?”

“पाडून जिंकली. रशियावाल्यांनी किती आरडाओरडा केला! पंचांचं म्हणणं, बाकीचं इतकं अवघड केलंय की पडल्याचे गुण कापूनही ती वरच.”

“मला नाही पटलं,” काकू म्हणाल्या. “पडली म्हणजे पडली.” अर्ध्या रशियाचं मत डिंडोलीत निघालं. मला विचाराल तर अवघड करून चुकणाऱ्याला थोडं जास्त मिळायला हवं. पण काकूंशी या वयात कोण वाद घालणार!

“शिकवतं कोण या काळेबाईंना?”

“ठाण्यालाच, पूजा सुर्वे आणि मानसी सुर्वे. पूजा स्वतः २०१०ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून खेळलेली. स्वतःचं खेळून झालं की पुढच्या पोरी तयार करायच्या, असं चाललंय तिकडं. म्हणून तर महाराष्ट्राला इतकी पदकं.”

“मग आता ती राष्ट्रकुलला जाईल की.”

“तिथंच तर घोडं अडलंय. २०२६ला ग्लासगोला खेळ कमी केलेत. जिम्नॅस्टिक्स ठेवलं, पण प्रणतीच्या प्रकाराचं. रिबन-बिबन वगळलं.”

“आणि त्यापुढचं?”

“२०३०ला. आपल्या अहमदाबादला.”

“अगं माय, मग जाऊ की बघायला!”

“तोवर संयुक्ता पंचविशीच्या आगेमागे. रशियाची कानाएवा दोन ऑलिंपिक जिंकून बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली होती, काकू.”

“बाविसाव्या वर्षी माझी दोन पोरं शाळेत जात होती,” काकू म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी मनातल्या मनात हिशेब केला. तो जुळत नव्हता. पण कुणी बोललं नाही.

हे मात्र मला खुपतं. देशात जिंकण्यासारखं जवळजवळ सगळं जिंकलेली पोरगी, आणि आमच्या ओळीत तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. २०२२च्या राष्ट्रीय स्पर्धा गुजरातेत झाल्या तेव्हा टेबल टेनिस सुरतला आलं, जिम्नॅस्टिक्स वडोदऱ्याला गेलं. गुजरातच्या पुरुष संघानं टेबल टेनिसचं सुवर्ण घेतलं, हरमीत देसाई आपला सुरतचा, त्यामुळे काकूंचा नातूसुद्धा त्याचं नाव घेतो. जे डोळ्यांपुढं येतं तेच पोरांना दिसतं.

“पण वहिनी, धाकटीला शिकवायचं तर सोय आहे का इथं?”

“विचारायला हवं. आधी दोऱ्या, मग हूप, रिबन शेवटी. आणि पाठ वळायला हवी, ते लहानपणीच.”

“खर्चाचं?”

“रिबनचं कापड तरी फुकट मिळेल. सुरतेत राहतो आपण.”

“मी सांगते मार्केटातल्या शेठला. सॅटिनचा एकसंध पट्टा, सहा मीटर.” काकूंनी लगेच फोन काढला. “काठी किती लांब लागते?”

“पन्नास-साठ सेंटीमीटर.”

गच्चीवरून धाकटी वाकली. लेस गळ्यात, काठी हातात.

“मम्मी, शेठकाकांना सांग ना, रिबन नको. मला बॅट हवी, टेबल टेनिसची. समोरचा अमित शिकवणारे.”

काकूंनी फोन कानाला लावलेला होता. “हां शेठ,” त्या म्हणाल्या, “जरा थांबा हं.”