हवामान बदल : गुण 5

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला ठेवणाऱ्यांनी विदर्भाचं शाळेचं वेळापत्रक पाहिलेलं नसावं. संग्रामपूर तालुक्यात त्या दिवशी शाळेला कुलूप असतं, पोरं आंब्याखाली आणि बाप बियाण्याच्या रांगेत. ऊन इतकं, की इथली शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडते. तापमानवाढीचा धडा तापमानामुळेच लांबतो! फोटो मात्र लांबवता येत नाहीत. 2024 पासून ‘एक पेड माँ के नाम’ ही रोपं लावायची मोहीम आहे. रोप, पोरगा आणि आई एका चौकटीत आले की काम फत्ते. श्रावणात ते रोप आहे का, हे बकरीला विचारावं.

मग वर्ग भरतो. हरितगृह वायूंवर प्रश्न येतो आणि पहिल्या बाकावरून उत्तर येतं : ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन आत घुसलं, पृथ्वी तापली. साफ चूक, पण इतकं सुबक की खोडवत नाही. भोकाचा बंदोबस्त 1987च्या मॉन्ट्रियल कराराने सुरू केला. उष्णता अडवणारा मुख्य आरोपी कार्बन डायऑक्साइड. 1958मध्ये हवाई बेटावर मोजणी सुरू झाली तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत 315 होता, आता 420च्या वर आहे. परीक्षेत मात्र ‘झाडे लावा, झाडे जगवा’ लिहिलं की पाचातले तीन गुण पक्के.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारतं, “सर, वावरातला युरिया कुठी जाते जी?”

खरं रसायनशास्त्र इथे सुरू व्हायला हवं. पिकाने घेऊन उरलेल्यातलं काही नत्र जमिनीतल्या जिवाणूंच्या हाती लागतं. काळ्या रानात पाणी तुंबलं, मातीतला प्राणवायू संपला, की ते जिवाणू नायट्रेटवर दिवस काढतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. शिवाय ओझोनही कुरतडतो, म्हणजे भोकवाल्या पोराला थोडा दिलासा. याला हसवणारा वायू म्हणतात. युरियाच्या रांगेत शेतकरी सोडून बाकी सगळे प्रसन्न का दिसतात, ते यावरून कळावं.

“हे अभ्यासक्रमात नाही. खाली बस.”

22 जुलै 2023ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत आभाळ कोसळलं, वावरं खरडून गेली. तेही अभ्यासक्रमात नाही. एका पुराचा ठपका थेट तापमानवाढीवर ठेवता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, एवढं तरी सांगता येतं. सांगायला तासिका हवी, आणि गुरुजी फोटो चढवण्यात गुंतलेले.

त्यापेक्षा शेजारचं भेंडवळ बरं! अक्षय्य तृतीयेला पाऊसपिकाच्या भाकितासाठी घटमांडणी होते, घागरीखालची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. शास्त्रीय आधार शून्य. पण त्या मांडणीत जुलै आहे, सरकी आहे. वर्गातल्या तक्त्यावर आहे ध्रुवीय अस्वल. अहो, अस्वलच हवं तर अंबाबरवा अभयारण्यात आमचं काळं अस्वल आहे, तेही उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करतं. पण तक्ता बदलायचा प्रस्ताव पुण्याला जातो, आणि पुण्याहून आमचं अस्वल दिसत नाही.